झाकण उडालं त्याची गोष्ट (आणि थोडं गणित)

रात्रीचे अडीच वाजले असतील. बाहेर गुडघाभर बर्फ, सकाळी नऊला हीट ट्रान्सफरची मिडटर्म, आणि आम्ही दोघे रूममेट नुकतेच आडवे झालेलो. तेवढ्यात कपड्यांच्या कपाटातून ‘धप्प!’ असा आवाज आला. उंचावरून गादी टाकावी तसा. पाठोपाठ काहीतरी गडगडत गेलं. दिवा लावून कपाटाचं दार उघडलं, तर आत बिअरचा पाऊस पडून गेलेला. छताला तपकिरी फेस, माझ्या एकुलत्या एका सुटावर तपकिरी फेस, आणि जमिनीवर उताणं पडलेलं हीट ट्रान्सफरचं पुस्तक. त्याच्यावरही फेस.

ही २००९ च्या जानेवारीतली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली गोष्ट. आपल्या कॉलेजातून मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी तिकडे एमएस करायला गेलो होतो. यंदा मराठी विभागाच्या संपादकांचा निरोप आला, ‘माजी विद्यार्थी म्हणून काहीतरी टेक्निकल लिहा, पण वाचवेल असं लिहा.’ तेव्हा एमएसच्या प्रोजेक्टवर लिहावं की त्या झाकणावर, असा प्रश्न पडला. प्रोजेक्ट कुणालाच आठवत नाही, गाइडलाही नसेल. झाकण मात्र मला अजून लख्ख आठवतं.

आता रेक्टर सरांच्या कपाळावर आठी उमटायच्या आत एक खुलासा. अमेरिकेत घरी स्वतःपुरती बिअर बनवायला संघराज्याच्या कायद्याची मुभा आहे. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विकायची नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग बादली हॉस्टेलच्या कॉटखाली असो नाहीतर बंगल्याच्या गच्चीवर. तेव्हा मंडळी, हा लेख ‘करून पाहा’ सदरातला नाही, ‘असं का झालं’ सदरातला आहे.

झालं असं, की आमच्या खालच्या मजल्यावर एक अमेरिकन शेजारी राहायचा. तो महिन्या-दोन महिन्यांनी घरी बिअर लावायचा. (हो, विरजण लावतात तशी बिअरही ‘लावतात’, आमच्या रूमवर तरी हाच शब्द रूढ झाला.) त्याचं बघून माझ्या नागपूरकर रूममेटला हुक्की आली. कृती तशी सोपी. सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणायचे, ते वाळवून-भाजून त्याचा गोड काढा काढायचा. आम्ही त्यातलं काहीच केलं नाही. तयार अर्क डब्यात मिळतो, तो आणला. गव्हाच्या बिअरचा होता, म्हणजे सातूबरोबर गहूही. तो पाण्यात घालून तासभर उकळायचा, उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं टाकायची, मग गार करून त्यात यीस्ट सोडायचं आणि झाकण लावून दोनेक आठवडे विसरून जायचं. आईने इडलीचं पीठ रात्री झाकून ठेवावं, इतकं साधं वाटलं ते. पण इडलीचं पीठ उन्हाळ्यात पातेल्याबाहेर येऊन ओट्यावरून ओघळतं, हे मात्र आम्हाला वेळेवर आठवलं नाही.

बादलीच्या झाकणाला एक भोक असतं आणि त्यात एअरलॉक बसवतात. एअरलॉक म्हणजे वीतभरही उंच नसलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं. आत थोडं पाणी भरायचं. आतला वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा आणि तिच्यातले जंतू मात्र आत येऊ शकत नाहीत. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण यू-ट्यूब मॅनोमीटर बघतो ना, तोच हा. जर्नलमधली आकृती उतरवून काढली असेल त्यांनी ती पुन्हा बघावी. पाण्याची पातळी दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे वायूला बाहेर पडायला जेमतेम २०० ते ३०० पास्कल दाब लागतो. फुंकरीने सहज होईल इतका.

शनिवारी दुपारी यीस्ट टाकलं. रविवारी सकाळी कपाटातून ‘डुबुक... डुबुक’ असा आवाज यायला लागला. आम्ही जाम खूश. संध्याकाळी आवाज ‘डुबुकडुबुकडुबुक’ असा झाला. रात्री अकराला एअरलॉकमधलं पाणी तपकिरी झालं होतं आणि टोपीच्या भोकांतून फेस बाहेर येत होता.

इथे आम्ही दोघा बी.ई. मेकॅनिकल पदवीधरांनी जे केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. फेस बाहेर येतोय म्हणजे झाकण ढिलं आहे, असं निदान केलं. चारी बाजूंनी मुठी मारून झाकण घट्ट बसवलं. एअरलॉक दाबून आत रेटला. शिवाय सेफ्टी म्हणून दोन जाडजूड पुस्तकं झाकणावर ठेवली, मिळून पाचेक किलोची. थोड्या वेळाने आवाज थांबला. फेसही थांबला. आम्हाला वाटलं, प्रॉब्लेम सुटला!

मध्ये एकदा, एकच्या सुमारास, नागपूरकर कपाटात जाऊन आला. आवाज का येत नाही म्हणून त्याने चक्क झाकणाला कान लावला. वरून, बादलीवर वाकून. हे त्याने मला नंतर सांगितलं. दीड तासाने तेच झाकण एअरलॉकसकट छताला जाऊन आदळलं आणि एअरलॉकची नळी मधोमध मोडली. त्या मोडक्या नळीचं टोक बघून तो बराच वेळ गप्प बसला होता.

आता गणित. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, हे बारावीला सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजमागे दोन मोल वायू, आणि खोलीच्या तापमानाला तो साधारण ४८ लिटर जागा घेतो. आमची बादली २४ लिटरची, तीत २० लिटर माल. पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली बिअर व्हायची तर त्यातली सुमारे १.६ किलो साखर यीस्टच्या पोटात जाते. करा हिशेब. सव्वाचारशे लिटर वायू! वीस लिटर बिअरमागे तिच्या एकवीसपट वायू, आणि तो सगळा बोटभर जाडीच्या नळीतून बाहेर पडायचा.

तोही दोन आठवड्यांत समान हप्त्यांनी पडला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण यीस्ट आपल्यासारखंच आहे, सगळं सबमिशन एका रात्रीत. जोर चढला की एका दिवसात निम्मी साखर फस्त होऊ शकते. म्हणजे २४ तासांत दोनशे-सव्वादोनशे लिटर, मिनिटाला सुमारे १५० मिलिलिटर. नुसता वायू असता तर एअरलॉकने एवढंही निभावलं असतं. अडचण वायूची नाही, फेसाची आहे.

बिअर बनताना वर जो फेसाचा थर येतो त्याला जर्मन लोक क्रॉयझेन म्हणतात, आणि घरी बिअर लावणारे सगळे तोच शब्द वापरतात. साध्या सोड्याचा फेस क्षणात विरतो, हा विरत नाही, कारण धान्यातली प्रथिनं बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि त्याची कातडी मजबूत करतात. हॉप्समधली कडू द्रव्यं त्या कातडीला आणखी घट्ट करतात. त्यात हे यीस्ट वरच्या जातीचं, म्हणजे त्याच्या पेशी बुडबुड्यांना चिकटून वर तरंगत येतात. गव्हात प्रथिनं भरपूर, आणि गव्हाच्या बिअरला वापरतात ती यीस्टची वाणं फेसासाठी कुप्रसिद्ध. वर चार लिटरच जागा मोकळी. म्हणजे पहिल्याच खेपेला आम्ही पेपरातला सगळ्यात अवघड प्रश्न सोडवायला घेतला होता, तोही न वाचता.

फेस चढत चढत झाकणाला टेकतो आणि एअरलॉकच्या दांड्यात शिरतो. तीन तुकड्यांच्या एअरलॉकमध्ये या दांड्याच्या तळाशी बहुधा एक बारीकशी फुली असते, चाळणीसारखी. हॉप्सचे कण, यीस्टचा लगदा, सगळं तिथे अडकतं. पाणी ढकललं जाऊन बाहेर पडतं आणि त्या जागी चिकट मळी बसते. ती वाळली की पाकासारखी घट्ट. झालं, भोक बंद! आमचा ‘डुबुक’ आवाज थांबला तो यामुळे. यीस्ट थांबलं नव्हतं, वाट थांबली होती.

वाट बंद झाल्यावर काय? मिनिटाला १५० मिलिलिटर वायू चार लिटर जागेत कोंबला तर दाब मिनिटाला जवळजवळ ४ किलोपास्कलने चढेल. पण हे जरा भडक चित्र झालं. दाब वाढला की वायू बिअरमध्ये विरघळतोही. वीस लिटर बिअर दर वातावरणामागे सतरा-अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊ शकते, म्हणजे मोकळ्या जागेच्या चौपटीहून जास्त. तो धरला तर चढण पाचपट हळू होते, मिनिटाला सुमारे ०.७ किलोपास्कल. ऐकायला किरकोळ वाटतं ना? झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर, क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर. गुणाकार केला की ४९ न्यूटन. म्हणजे झाकणाला खालून वर ढकलणारं बळ दर मिनिटाला पाच किलोने वाढत होतं.

आमच्या पाच किलो पुस्तकांची किंमत किती, तर एक मिनिट!

पंधरा मिनिटांत दहाएक किलोपास्कल चढले असं धरलं, तर झाकणावर ७० किलो होतात, म्हणजे एक पूर्ण नागपूरकर. प्रत्यक्षात आमचं झाकण अकरा ते अडीच टिकलं, कारण कडेने कुठेतरी थोडा वायू निसटत असणार, आणि मळीही मधूनमधून सुटत असणार. घट्ट बसवण्यात आम्ही थोडे कच्चे ठरलो, हे आमचं नशीब. आणि बादली प्लॅस्टिकची होती हे त्याहून मोठं नशीब. बरेच जण काचेच्या मोठ्या बाटलीत, कारबॉयमध्ये, बिअर लावतात. ती आतला दाब सहन करायला बनवलेलीच नसते. बहुतेक वेळा तिचं रबरी बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं आणि काच वाचते. बहुतेक वेळा.

झाकण उडाल्यावर छतापर्यंत फवारा का गेला, याचंही उत्तर त्या विरघळलेल्या वायूत आहे. दाबाखाली बिअरने जो जादा वायू पोटात घेतला होता, तो झाकण जाताच एकदम बाहेर यायला निघाला. दहा किलोपास्कलला तो पावणेदोन लिटर होतो, आणि त्याला यायला वाट फेसातूनच. सोड्याची बाटली हलवून उघडल्यावर होतं तेच, फक्त वीस लिटरच्या मापाने. अर्धा अधिक थर, चारेक लिटर माल, आमच्या कपड्यांवर आला.

ही भानगड आपल्या घरात रोज होत असते, आणि आपल्या आयांना तिचं उत्तरही माहीत असतं. कुकरमध्ये डाळ लावली की फेस येतो, तो शिटीच्या नळीत चढतो, शिटीतून पिवळं पाणी उडतं, कधी कधी डाळीचं साल नळीत अडकतं. म्हणून डाळ कुकरच्या निम्म्यावर भरत नाहीत. म्हणून डाळीत थेंबभर तेल टाकतात, तेल फेसाची कातडी फोडतं. आणि एवढं करूनही नळी बंद झालीच, तर झाकणावर वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो वितळून नाहीतर उडून वाफेला वाट देतो. आमच्या बादलीत जागा नाही, तेल नाही, व्हॉल्व्ह नाही. उलट असलेली एकुलती एक शिटी आम्ही मुठीने दाबून बसवली. घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘‘अरे, शिटी अडकली तर आधी गॅस बंद करतात, वर पुस्तकं नाही ठेवत.’’ मेसच्या मागे बायोगॅसचा प्लांट असेल तर तिथेही हाच खेळ चालतो. उरलेला भात एकदम जास्त ढकलला की आत फेस माजतो आणि गॅसच्या पाइपात शिरतो.

गॅस बंद करायचा म्हणजे इथे काय? यीस्टला बटण नसतं. पण तापमान असतं, आणि आमची दुसरी चूक तिथेच होती. बादली कपाटात ठेवली, ते अंधार हवा म्हणून. त्या कपाटाच्या खालीच हीटरच्या गरम हवेची जाळी होती, हे कुणी पाहिलंच नाही. खोली २१ अंशांवर, कपाट २४ अंशांवर. शिवाय किण्वन स्वतःच उष्णता सोडतं. ग्लुकोजच्या एका मोलमागे अंदाजे १०० किलोज्यूल धरा. १.६ किलो साखरेला ते होतात ८९० किलोज्यूल, आणि २० लिटर पाण्याला तेवढ्या उष्णतेने १० अंशांहून थोडं जास्तच तापवता येतं, बाहेर काहीच जाऊ दिलं नाही तर. थोडं बाहेर जातंच, पण कोंदट कपाटात कमी जातं. तापलं की यीस्ट जोरात, यीस्ट जोरात की आणखी तापतं. कंट्रोल सिस्टिम्समध्ये पॉझिटिव्ह फीडबॅकचं उदाहरण विचारलं तर हे सांगा, एक्स्टर्नल खूश होतील. (आम्ही मात्र हे सगळं शिकून झाल्यावर केलं.) बादलीला चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर त्या रात्री २८ दिसत होतं. त्या यीस्टला हवे असतात १७ ते २०.

त्या रात्री अडीचला, आणि खरं तर अकरालाच, काय करायला हवं होतं, ते खालच्या शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी मनसोक्त हसून घेतलं, मग सांगितलं.

एअरलॉक एकदम गप्प झाला आणि झाकण फुगून घुमटासारखं दिसायला लागलं, तर ती शांतता नसते. सगळ्यात आधी चेहरा बाजूला घ्यायचा. वाकून बघायचं नाही, कान तर मुळीच लावायचा नाही. डोळ्यांवर गॉगल, निदान चष्मा. बादलीवर जाड ओला टॉवेल टाकायचा आणि त्याच्याखालून झाकणाची एकच कड, तीही आपल्या समोरची नाही तर पलीकडची, हळूहळू सैल करायची. ‘फुस्स’ आवाज येऊ द्यायचा, तो संपेपर्यंत थांबायचं. काचेची बाटली असेल तर टॉवेलखालीच बूच गोल फिरवत थोडं थोडं सोडवायचं, उपटायचं नाही. दाब उतरला की मग एअरलॉक काढून धुवायचा.

‘पण उघडल्यावर जंतू जातील ना आत?’ हा आमचा पहिला प्रश्न. त्याच भीतीने तर झाकण ठोकून बसवलं होतं. तो म्हणाला, मिनिटाला १५० मिलिलिटर वारा आतून बाहेर वाहतोय, त्याच्या विरुद्ध कोण पोहत येणार? जोर असताना भोकावर जंतुनाशकात बुडवलेली फॉइल सैल ठेवली तरी चालतं. काही लोक एअरलॉक लावतच नाहीत. आपल्याला जे झाकण राखणदार वाटत होतं, ते त्या दोन दिवसांत जवळजवळ बिनकामाचं असतं. खरी राखण तो वायूच करत असतो. जोर ओसरला, वारा मंदावला, की मग एअरलॉक हवा.

आणि त्या जोराच्या दिवसांसाठी असते ती जाड नळी. तिकडे तिला ब्लो-ऑफ ट्यूब म्हणतात. एअरलॉकच्या जागी सरळ इंचभर व्यासाची लवचिक नळी बसवायची आणि दुसरं टोक जंतुनाशक पाण्याच्या भांड्यात बुडवायचं. वायू बुडबुडत बाहेर, फेस आला तर तोही बाहेर, भांड्यात. एअरलॉकच्या दांड्याचं भोक सातेक मिलिमीटर, नळीचं पंचवीस. व्यास साडेतीनपट, पण क्षेत्रफळ तेरापट. नळी किती खोल बुडवायची? दोन-तीन सेंटिमीटर पुरे. उत्साहाने बादलीच्या तळापर्यंत घालू नये, दर दहा सेंटिमीटर पाण्यामागे झाकणावर सात किलो चढतात.

ही नळी काही घरगुती लोकांचा शोध नाही. इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट नावाचं गाव आहे. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी जी बिअर जहाजातून मुंबई-कलकत्त्याला यायची, त्यातली पुष्कळशी या गावची. आयपीए या नावातला ‘आय’ म्हणजे इंडिया, तो तिथूनच आला. तिथे एकोणिसाव्या शतकात बर्टन युनियन नावाची पद्धत रूढ झाली. लाकडी पिंपांची रांग, प्रत्येक पिंपाच्या डोक्यावर हंसाच्या मानेसारखी वाकलेली नळी, आणि सगळ्या नळ्यांची तोंडं वरच्या एका लांबलचक पन्हळीत. फेस नळीतून चढून पन्हळीत पडायचा, यीस्ट तिथे खाली बसायचं, आणि सुटी झालेली बिअर उताराने परत पिंपात. म्हणजे आम्ही ज्याला संकट समजत होतो, त्याला त्यांनी रस्ता बांधून दिला होता, आणि वर पुढच्या खेपेसाठी ताजं यीस्टही फुकटात मिळवलं होतं. मार्स्टन्स या कंपनीने हे संच २०२४ पर्यंत चालू ठेवले. त्या वर्षी ते बंद झाले, पण त्यातला एक डर्बीशायरमधल्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने उचलून नेऊन पुन्हा सुरू केला. मी फोटोच पाहिले आहेत, पण मेकॅनिकलवाल्या माणसाने एकदा बघावी अशी ती चीज आहे.

जाड नळीचा एक तोटा आहे. किण्वन संपल्यावर बादली थंड झाली की आतला वायू आकसतो आणि भांड्यातलं पाणी उलटं नळीत चढतं. ते बिअरमध्ये पडलं तर सगळ्या कष्टांवर अक्षरशः पाणी. किती चढेल? २४ अंशांवरून १८ वर आलं तर तापमान केल्विनमध्ये २ टक्क्यांनी उतरतं, दाबही तेवढाच, म्हणजे २ किलोपास्कल, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर पाणी. नुसत्या आकसण्याने ते त्याहून वर चढत नाही. तेव्हा बादली टेबलावर आणि भांडं जमिनीवर ठेवलं की काम झालं. बिअर फ्रिजमध्ये २० वरून २ अंशांवर नेली तर मात्र हाच आकडा ६० सेंटिमीटरच्या पुढे जातो, शिवाय थंड बिअर जास्त वायू शोषते ते वेगळंच. त्याआधी नळी काढून टाकलेली बरी.

महिन्याभराने आम्ही दुसरी खेप लावली. नागपूरकर नको म्हणत होता, मग तोच जास्त काळजी घ्यायला लागला. या वेळी माल १८ लिटर, वर सहा लिटर मोकळे. डाळीतल्या तेलासारखं काम करणारं सिलिकॉनचं फेसमार औषधही मिळतं, त्याचे काही थेंब उकळतानाच टाकले. बादली कपाटात नाही, बाथटबमध्ये, वीतभर गार पाण्यात उभी. तिला जुना टी-शर्ट घातला, त्याची किनार पाण्यात, म्हणजे सूती कापड पाणी ओढत राहतं आणि बाष्पीभवनाने बादली गार राहते. आपला माठ! टबमध्ये रोज बर्फाच्या एक-दोन बाटल्या सोडायच्या. आधी आम्हाला वाटलं, बर्फाचा कारखाना लागेल. पण एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे अख्ख्या किण्वनाची उष्णता तीन किलोच्या आत बर्फात मावते. बाकीचा बर्फ खोलीच्या उष्णतेशी भांडायला. अडचण एकच, तीन दिवस आंघोळीला आम्ही खाली शेजाऱ्याकडे जात होतो.

दुसऱ्या रात्री फेस आलाच. या वेळी तो नळीतून निवांतपणे भांड्यात जाऊन पडला. आम्ही दोघं स्टुलावर बसून बघत होतो, टीव्ही बघावा तसं. चौथ्या दिवशी थर खाली बसला, नळी काढून धुतलेला एअरलॉक लावला. त्याच्या तळाची ती फुली मात्र नागपूरकराने पक्कडने कापून टाकली होती.

एक गोष्ट राहिली. बुडबुडे बंद झाले म्हणजे बिअर तयार झाली, असंही नाही. कडेने वायू गळत असेल तर एअरलॉक पहिल्यापासून गप्प असतो, आणि थंडी पडली तर यीस्ट अर्ध्यात झोपतं. हायड्रोमीटरने घनता मोजायची, तीन दिवसांनी पुन्हा मोजायची, आकडा हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. नाहीतर उरलेली साखर बंद बाटलीत आंबते. बाटलीत फसफस यावी म्हणून लिटरमागे सहाएक ग्रॅम साखर मुद्दाम घालतातच, त्यात ही न मोजलेली साखर मिळाली तर बादलीची गोष्ट काचेच्या बाटलीत घडते, आणि तिला तर एअरलॉकही नसतो.

पहिल्या खेपेची उरलेली सोळा लिटर बिअर आम्ही टाकली नाही, हट्टाने बाटल्यांत भरली. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा मंद वास येतो तो चांगला समजतात. आमचीला केळ्यांचा अख्खा घड आणि वर नेलपॉलिश रिमूव्हर, असा वास होता. यीस्ट तापल्याची ती खूण. शेजाऱ्याने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि मिडटर्म कशी गेली असं विचारलं. मिडटर्म बरी गेली होती. छत रंगवायचे पैसे घरमालकाने घर सोडताना डिपॉझिटमधून कापून घेतले, आणि ते हीट ट्रान्सफरचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. कंडक्शनचा चॅप्टर उघडत नाही, पानं चिकटली आहेत.